बंबाची ऊब

हसणार नसाल तर सांगते. मी घाबरट आहे, ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. लिफ्टचं दार जरा जोरात मिटलं तरी दचकते. पण त्या दिवशी मी नुसतं पाणी तापवायला गेले होते.

चेन्नईत वेस्ट मांबलमला मी ज्यांच्या घरी भाड्यानं राहते, ते सेतुमाधवमामा आणि अलमेलूमामी मूळचे तंजावरकडचे मराठी. डिसेंबरातल्या वादळात गल्लीत कमरेइतकं पाणी साचलं, वीज गेली, त्यातच सिलिंडर संपला. दुपारी मामा मागच्या, जरा उंचावरच्या अंगणात घसरले आणि कुणाला कळेपर्यंत तासभर पावसात पडून राहिले. एकोणऐंशी वर्षांचं शरीर. ओठ निळे. डॉक्टर फोनवर म्हणाले, पाणी ओसरेपर्यंत अँब्युलन्स यायची नाही. तोवर अंग गरम ठेवा. गार पडले तर कठीण आहे.

अंगणाच्या टोकाला न्हाणीघर होतं. त्यात तांब्याचा जुना बंब, कित्येक वर्षं न पेटवलेला.

"तुझ्या कम्प्युटरानं लाकूड पेटत नाही हं," मामा कुडकुडतही चेष्टा करत होते.

"मामा, मी साताऱ्याची. बंब पेटवतच मोठी झाले."

मामी माझ्यामागून पायरीपर्यंत आल्या. "सरि, कण्णा... बरं, बाळा. पण न्हाणीचं दार लावू नकोस. ऊब गेली तर जाऊ दे."

"का हो मामी?"

"आम्ही लावत नाही." एवढंच.

मी बंब पाण्यानं भरला, जुनी राख उपसली. खाली करवंट्या घातल्या, वर बारीक फाटे सैल रचले, म्हणजे खालून वारा खेळतो. जाळ धरला. पण दारातून ओली झुळूक सारखी घुसत होती आणि आच टिकत नव्हती. आमच्याकडे थंडीत न्हाणीचं दार उघडं टाकणाऱ्याला आई वेड्यात काढते. माझ्या डोळ्यांसमोर मामांचे ओठ होते.

मी दार लावलं.

लगेच जाळ सरळ झाला, बंब घुमायला लागला. वरून गार पाणी ओतलं की तोटीतून तेवढंच कढत पाणी बाहेर येतं. थोड्या वेळानं मी दोन तांबे ओतले आणि बादलीत बोट बुडवलं.

बर्फासारखं पाणी.

आणखी लाकूड घातलं. मग आणखी. ज्वाळा बंबाच्या तोंडातून वर येऊ लागल्या, तरी पाणी गारच. खोलीही गार. चेन्नईत, जाळाला खेटून उभी असताना, माझ्या तोंडातून वाफ निघत होती. ओल्या केसांचा वास येत होता... माझे केस कोरडे होते.

तेवढ्यात बंबाच्या पलीकडच्या अंगाला, पत्र्यावर साचलेल्या वाफेत, हाताचे दोन पंजे उमटले. लहान. बोटं पसरून कुणी शेकत बसावं तसे.

मी दार ओढलं. हललं नाही. पावसानं फुगलं असेल, म्हटलं. पुन्हा ओढलं, दोन्ही हातांनी... "मामी," मी हाक मारली, पण पावसात ती माझी मलाच ऐकू आली नाही. पाठीमागे चर्रर्र झालं. तापल्या धातूला ओलं कापड टेकल्यासारखं. कुणीतरी आणखी जवळ सरकलं होतं.

"मामांना पाणी हवंय," मी दाराला कपाळ टेकून पुटपुटले. "ते जातील हो... थोडी ऊब तरी..."

मी दारावरचे हात सोडले.

मग माझ्या कोपराला घासून काहीतरी थंडगार गेलं, आणि दार अलगद उघडलं. मागे तोटीतून कढत पाणी आपणहून वाहू लागलं.

मी बादली भरली आणि धावले.

मामी मामांच्या उशाशी बसल्या होत्या. "आलीस? बघ, आत्ताच कुडकुडणं थांबलं त्यांचं. आधी दाराला कडी घाल, वारा येतोय."

मी कडी घातली.

"आता पाय चोळ."

मी पायथ्याशी बसून पांघरुणात हात घातले. डावा पाय कोमट. उजवाही कोमट. चोळत राहिले. पण माझ्याच हातांखाली ते दोन्ही हळूहळू गार होत गेले... आणि त्यांच्या मधोमध, घट्ट चिकटलेलं, एक तिसरं लहानसं पाऊल तापत चाललं होतं.