निविदापूर्व बैठकीतली शंका

सरकारी कार्यालयाच्या सूचना फलकासमोर दोघं एकाच वेळी एकच कागद वाचत होती.

"गादीसकट?" सुतार स्वतःशीच पुटपुटला.

"पलंगासकट?" शेजारून आवाज आला.

त्याने वळून पाहिलं. तिच्या केसांत कापसाचा पुंजका अडकला होता. तिने त्याच्या बाहीवरचा भुसा पाहिला. मग दोघांनी पुन्हा कागदाकडे पाहिलं. नव्या वसतिगृहासाठी पलंग हवे होते, गाद्यांसकट, आणि निविदा फक्त लहान उद्योगांनीच भरायची होती. त्याचा पलंगांचा कारखाना लहान, तिचा गाद्यांचा त्याहून लहान. एकट्याने भरणं शक्य नव्हतं. दोघांनी मिळून मात्र चालणार होतं, तसं खाली लिहिलं होतं.

"तुमचा पलंग करकरतो का?" तिने विचारलं.

"तुमची गादी दबते का?"

"झोपून बघा... म्हणजे—" ती कानापर्यंत लाल झाली. "म्हणजे नमुना पाठवते."

मग ती टेप घेऊन त्याच्या कारखान्यात येऊ लागली. फळीवर तळहात फिरवून खरखरीत जागा शोधायची आणि सापडली की नुसती भुवई उचलायची. तो ती जागा पुन्हा घासायचा. अशी भुवई जवळपास असली की माणूस काम नीट करतो.

एकदा तिने टेपचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं. माप घेऊन झालं तरी तो ते धरून उभाच.

"सोडा आता," ती म्हणाली. "पलंग संपला."

त्याला खूप काही बोलायचं होतं. त्याने विचारलं, "गादी चार इंची घ्यायची की पाच?"

आणि मग मधे गॉगल आला. हा लोखंडी पलंगांचा कारखानदार, छपराखालीही गॉगल काढायचा नाही म्हणून सगळे त्याला तसंच म्हणायचे. एका दुपारी सुताराने रस्त्यापलीकडे पाहिलं, तर चहाच्या टपरीवर ती गॉगलशी बोलत होती. हसत होती. आणि तिच्याशी बोलताना त्याने चक्क गॉगल काढला होता! सुताराला हसण्यापेक्षा हेच जास्त झोंबलं.

"भावजी, ती फळी काय गुन्हेगार आहे?" जेवणाचा डबा घेऊन आलेली वहिनी म्हणाली. "सकाळी फळी होती, आता पट्टी झालीय."

"ती काय बोलत असेल त्याच्याशी?"

"तिलाच विचारा की."

"मी कशाला विचारू? मला काय त्याचं!"

"हो ना, तुम्हाला काय त्याचं," वहिनी म्हणाली, आणि पट्टी उचलून बाजूला ठेवली.

निविदा भरण्याआधी कार्यालय एक बैठक घेतं. ज्याला शंका असेल त्याने सगळ्यांसमोर विचारायची, अधिकाऱ्यांनी उत्तर द्यायचं, आणि दोन्ही लिहून सगळ्यांना पाठवायचं. सुतार पोचला तेव्हा ती पुढच्या रांगेत बसली होती. शेजारी गॉगल. तो तिला स्वतःचं पेन देत होता.

सुतार उठून उभा राहिला. "मॅडम, शंका आहे."

"बोला," अधिकारी बाई मान वर न करता म्हणाल्या.

"एखादी गादीवाली... एकाच वेळी दोन पलंगवाल्यांबरोबर असू शकते का?"

कुणीतरी खोकलं. गॉगलने मागे वळून पाहिलं. ती वळली नाही, फक्त तिची मान ताठ झाली.

"नाही. एकच भागीदार दोन निविदांत सापडला तर दोन्ही बाद. आणखी कुणाला काही?"

"मला," ती उठली. "पलंगवाला संशयी निघाला तर भागीदार बदलता येतो का?"

"शेवटच्या तारखेपर्यंत येतो."

"आणि पलंगवाला तोंडच उघडत नसेल, तर गादीवालीने कुठवर वाट बघायची?"

अधिकारी बाईंनी चष्मा काढला. आळीपाळीने दोघांकडे पाहिलं. "याची तरतूद नाही. तुम्ही दोघं बाहेर जा आणि काय ते बोला. हे लिहू नका हो."

"लिहिलं, मॅडम," कारकून म्हणाला. सगळी खोली हसली.

बाहेर ती भराभर चालत होती.

"थांब ना... त्याच्याशी काय बोलत होतीस त्या दिवशी?"

"आत 'एखादी गादीवाली' होते. बाहेर आल्यावर एकदम 'थांब ना'?"

"सांग ना."

"त्याने विचारलं, माझ्याबरोबर निविदा भरतेस का. मग विचारलं, लग्नाचंही बघू या का. सरळ, तोंडावर. आणि तू मला काय विचारलंस? चार इंची की पाच!"

"मग तू काय सांगितलंस?"

"आज सांगते म्हटलं."

"आजच का?"

"कारण आज तू येणार होतास."

फायलींचा गठ्ठा घेऊन दोन शिपाई मधून गेले. दोघं भिंतीला टेकून उभी राहिली.

"तू त्याच्यासमोर हसलीस ते मला सहन झालं नाही," तो म्हणाला. "गाद्या मला कुठेही मिळतील. तू मिळणार नाहीस... लग्न करशील माझ्याशी?"

"एवढंच होतं?" तिचा आवाज ओला झाला. "एवढ्यासाठी सरकारला कामाला लावलंस? करीन. पण पुढच्या वेळी जळलास तर आधी मला सांगायचं."

ती आत जाऊन गॉगलला नाही म्हणून आली. तो बाहेर पडला तेव्हा गॉगल डोळ्यांवर होता. सुताराला त्याची दया आली. थोडीशीच.

भागीदारीचा करारनामा करायला दोघं तशीच नोटरीकडे गेली. तिथली टायपिस्ट सुताराला पाहून खुलली. "अय्या, तुम्ही! तुम्ही केलेलं टेबल अजून जरासुद्धा हलत नाही हं. मी रोज तुमची आठवण काढते."

"हिला टेबल कधी दिलंस?" गादीवालीने हळूच विचारलं.

"झालं असेल वर्ष."

"मला कधी बोलला नाहीस."

"तू कुठे विचारलंस?" सुतार म्हणाला. कित्येक दिवसांनी त्याच्या जिवाला गार वाटत होतं.

"बसा ना, इथे जवळ बसा," टायपिस्टने त्याच्यासाठी खुर्ची सरकवली.

तो बसायच्या आत गादीवाली त्या खुर्चीत बसली, खुर्चीसकट पुढे सरकली आणि पदर खोचून म्हणाली, "हं. सही कुठे करायची?"