शीणभागी

सोनखाडी बंदराच्या नियंत्रण खोलीत कोणी जांभई देत नसे. तसा नियम नव्हता, कोणाला येतच नसे. समोरच्या काचेवर जिकडे नजर फिरेल तिकडे क्रेन फिरणार, पापणी मिटून उघडली की कंटेनर उचलला जाणार, अशी ती यंत्रं. आणि ती चालवणारी माणसं दोन-दोन पाळ्या सलग करूनही आत्ताच न्हाऊन आल्यासारखी टवटवीत असत.

ही करामत शीणपट्टीची. मानेमागे चिकटवायची ही बोटभर रुंदीची पट्टी मेंदूत साचणारा थकवा ओढून घेई. पण थकवा म्हणजे घरातला केर. आपल्या दारातून काढला तरी कुठेतरी टाकावाच लागतो. तो जिरवणारं यंत्र काही शास्त्रज्ञांना सापडलं नव्हतं. त्याला झोपणारा माणूसच लागे. म्हणून एकाच्या पट्टीतला थकवा लहरींवाटे दुसऱ्याच्या पट्टीत जाई आणि तो दुसरा माणूस तो झोपून जिरवी. अशा माणसाला शीणभागी म्हणत. आपला शीणभागी कोण, हे मात्र कोणालाच सांगत नसत. कळलं तर माणूस मोकळ्या मनाने काम करणार नाही, असं बंदराच्या कचेरीचं म्हणणं. ते काही खोटं नव्हतं.

चारुशीला तांडेलला आपल्या न पाहिलेल्या शीणभाग्याबद्दल फार माया वाटे. कुठल्याशा विश्रांतिगृहात तो पांढऱ्या चादरीवर झोपलेला असेल, असं ती मनाशी धरून चाले. गेल्या दिवाळीत तिने कचेरीमार्फत त्याला एक दुलई पाठवली होती. जांभळी, मऊ, पिवळ्या किनारीची. ती निवडताना तिने दुकानदाराला अगदी वैताग आणला आणि त्या नादात बाबांसाठी काही घ्यायचं राहून गेलं.

आणि आता तिची डावी पापणी लवत होती. आधी अधूनमधून, मग दिवसभर. तिने चहा सोडला, गार पाण्याच्या घड्या ठेवल्या, काकडीच्या चकत्या लावून पाहिल्या, केळी खाल्ली. पापणी ऐकेना. काल त्या लवण्यालाच यंत्राने हुकूम समजलं आणि एक कंटेनर धक्क्यावर वेडावाकडा आदळला. खाली कोणी नव्हतं म्हणून निभावलं. साहेबांनी बजावलं, डोळा बरा करा, नाहीतर खुर्ची सोडा. त्या खुर्चीवर चारूचा जीव होता.

बाबांना सांगितलं तर ते मफलर सारखा करत म्हणाले, "डावा ना? मग काय गो चिंता? बाईमाणसाला डावा शुभ." आणि बोलता बोलता पेंगले. हरेश्वर तांडेलांनी उभा जन्म मासेमारीच्या बोटीवर काढला होता. बायको गेल्यावर त्यांनी बोट विकली आणि तेव्हापासून जे आडवे झाले ते झालेच. चारू त्यांना कुंभकर्ण म्हणे. शेजारीही म्हणत.

डॉक्टर फातिमा मुकादम यांनी चारूच्या मेंदूचं चित्र पाहिलं आणि मोठं करून पुन्हा पाहिलं.

"एरवी पापणी लवते ती जागरणाने, चहाने, ताणाने, नाहीतर पडद्याकडे एकटक बघून," त्या म्हणाल्या. "एक नीट झोप काढली की थांबते. तुमचा मेंदू मात्र लहान मुलासारखा ताजा आहे."

"मग हे कशाने?"

"थकवा परत येतोय. पलीकडचा माणूस भरलाय. त्याची जिरवायची ताकद संपत आली की उरलेला शीण उलटा फिरतो. मेंदूत शिरला तर पट्टी त्याला पुन्हा ओढून घेते. पण पापणीची नस कानापुढून येते, तिथवर पट्टीचा हात पोचत नाही. म्हणून तो तिथे घर करतो."

"उपाय काय?"

"दोन आहेत. कचेरीला सांगून शीणभागी बदलून घ्या, एखादा तरुण मिळेल. नाहीतर पट्टी काढा आणि तुमची झोप तुम्ही झोपा."

"आणि हेच चालू ठेवलं तर? त्याचं काय होईल?"

"एक दिवस तो झोपेल आणि उठणार नाही."

चारूने मान खाली घातली. डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली.

"आणखी एक सांगते. खरं म्हणजे सांगू नये. शीण असा उलटा येतो तो परक्याकडून नाही. सख्ख्या रक्ताच्या माणसांतच ही वाट दोन्हीकडून उघडी राहते. तुमच्या घरी कोण असतं?"

"फक्त बाबा," चारू म्हणाली.

म्हातारी माणसं झोपतातच, असं ती रिक्षात स्वतःला समजावत राहिली. पट्टी लावल्यापासूनच्या चार वर्षांत ती भर दुपारी कधी घरी गेली नव्हती. दार नुसतं लोटलेलं होतं. आतल्या खोलीत, वैशाखाच्या उकाड्यात, बाबा गाढ झोपले होते. अंगावर जांभळी दुलई होती. पिवळ्या किनारीची. मफलर बाजूला सरकला होता आणि मानेवर पट्टी दिसत होती.

चारू खाटेशेजारी जमिनीवर बसली. आपल्या मानेमागची पट्टी तिने ओढून काढली आणि मग तिला रडू आवरेना.

बाबांना जाग यायला फार वेळ लागला. तिला पाहताच त्यांनी दुलई घाईघाईने उशीखाली कोंबायचा प्रयत्न केला. पण एवढी मोठी दुलई उशीखाली मावते कुठे?

"कचेरीतून आली होती," ते ओशाळून म्हणाले. "फार ऊबदार आहे गो."

"का केलंत बाबा?"

"त्यांनीच बोलावून विचारलं. रक्ताच्या माणसाकडे शीण सहज उतरतो म्हणाले." त्यांनी दुलईची किनार सारखी केली. "तू तापाने फणफणायचीस तेव्हा मी दर्यावर. तुझी आई एकटी उशाशी जागायची. माझ्या वाटचं जागायचं राहिलं ते राहिलंच. आता नुसतं झोपायचं होतं. इतकं सोपं काम कुठल्या बापाला मिळतं?"

"आणि मी तुम्हाला कुंभकर्ण म्हणत होते."

"मला बरं वाटायचं. म्हटलं, अजून कळलेलं नाही हिला."

त्यांनी तिच्या हातातली पट्टी पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. "लाव ती परत. तुझी खुर्ची जाईल."

"जाऊ दे. दुसऱ्या कोणाच्या तरी बापाला झोपवून मला ती नको."

"मग मी काय करू दिवसभर?" बाबांनी विचारलं.

चारू तोंड उघडणार, तेवढ्यात तिला जांभई आली. चार वर्षांतली पहिली. जबडा कडकन वाजला आणि पाठोपाठ दुसरी आली. बाबा हसू लागले. त्यांनी तिला खाटेवर झोपवलं, ती नको म्हणत असताना दुलई पांघरली आणि स्वतः स्टूल ओढून उशाशी बसले.

ती उठली तेव्हा पुन्हा ऊन आलं होतं. पापणी शांत होती. बाबा त्याच स्टुलावर टक्क जागे होते आणि ताप पाहावा तसा त्यांचा हात तिच्या कपाळावर होता.

दोन दिवसांनी ती पट्टी परत करायला बंदरात गेली. बोलताना ती जांभई दाबत होती आणि साहेब तिच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसे बघत होते. नियंत्रण खोलीतले ताजेतवाने चेहरे काचांवर खिळलेले होते. चारूने पहिल्यांदाच त्यांच्या पापण्यांकडे नीट पाहिलं.

शेजारच्या खुर्चीवरचा निहार पेडणेकर हसून म्हणाला, "सोडून चाललात ताई? मला नाही बाबा सुटायचं. माझा शीणभागी एकदम जोरदार आहे."

"घरी कोण कोण असतं रे तुझ्या?" चारूने विचारलं.

"आईच फक्त. पण हल्ली असून नसल्यासारखी, दिवसभर झोपलेली असते. वय झालं." त्याने बोटाने आपली उजवी पापणी दाबून धरली. "कालपासून हा डोळा लवतोय बघा. ती म्हणते, पुरुषाला उजवा शुभ असतो."