वाघ्याची तहान

मनकर्णा भरलेली कळशी विहिरीच्या काठावर ठेवून दोर गुंडाळत होती. तेवढ्यात अकोल्याकडून आलेल्या गाडीखालून एक पिवळा कुत्रा निघाला आणि त्यानं थेट कळशीत तोंड घातलं. तिनं काठी उगारली. वर कापसाच्या ढिगावर बसलेला गाडीवान हसला.

"मारू नोको. तहानलेला हाय थो."

"मंग तुमीच घासून द्या कळशी."

त्यानं, चंद्रभान त्याचं नाव, खरंच उतरून राखेनं कळशी लखलखीत घासून दिली. जाताना वळून वळून पाहत राहिला... कुत्र्याकडे.

अमेरिकेतल्या लढाईमुळे त्या साली वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि अमरावतीच्या वाटेवर गाड्यांची रीघ लागली होती. दर खेपेला चंद्रभान बडनेऱ्याअलीकडच्या या विहिरीवर थांबे. "वाघ्याले तहान लागली," म्हणे. मनकर्णा बावीस वर्षांची, लहानपणीच विधवा होऊन बापाकडे परतलेली. विधवेचं दुसरं लग्न, म्हणजे पाट, त्यांच्यात रीतीचाच होता. तिची ना नव्हती. पण या बाबाच्या तोंडी वाघ्याशिवाय दुसरा विषय असेल तर ना. तिनं प्रेमानं भाकर द्यावी, तर पहिला तुकडा वाघ्याला. ती त्या कुत्र्यावर जळायची, अगदी उघड जळायची.

फाल्गुनात गाडी आली, तेव्हा तिच्याखाली नुसती सावली होती.

"वाघ्या कुठं हाय?"

"गेला... बोरगावपाशी साप डसला त्याले."

खोटं कशाला सांगा, मनकर्णेला क्षणभर बरंच वाटलं. मग त्याची खाली गेलेली मान दिसली आणि तिची तिलाच लाज वाटली.

"निंबाखाली पुरलं," तो म्हणाला. "तिथं एक बाई होती. तिनं आपला पदर फाडून देल्ला, त्याले गुंडाळाले. लई रडली बिचारी."

मनकर्णेची लाज कुठल्या कुठे पळाली. वाघ्या परवडला, तो निदान कुत्रा होता.

"कोन बाई?"

"नाव नाई इचारलं."

"तरनी हाय?"

"असन."

"दिसाले कशी हाय?"

"माह्या डोळ्यात पानी होतं. कशी दिसन?"

एवढ्यानं ती कशाची शांत होते. कुत्रा गेला, आता हा इथं थांबेल कशाला? बोरगावलाच थांबेल, त्या निंबाखाली, आणि ती पदरवाली त्याला पाणी देईल.

"आज तर वाघ्या नाई," ती म्हणाली. "मंग गाडी कावून थांबवली?"

चंद्रभान कानापर्यंत लाल झाला.

"थो तर... मांगच्या नाल्यावरच पोटभर पेत होता. त्या पयल्या खेपेनंतर त्याले तहान नव्हतीच कधी. मी त्याचं नाव सांगत होतो. आता कोनाचं सांगू?"

आणि एवढा थोराड माणूस भर रस्त्यात हमसून हमसून रडला. मनकर्णाही रडली, वाघ्यासाठीच रडली. आपण ज्याचा इतका राग केला, तो भरल्या पोटी धन्यासाठी कळशीत तोंड घालत होता.

बऱ्याच वेळानं चंद्रभान म्हणाला, "येत्या खेपेले काकाले आनतो... तुह्या बापापाशी पाटाचं बोलाले. आनू ना?"

तिनं डोळे पुसले.

"आना. पन बोरगाववरून नोका येऊ. दर्यापूरवरून या."

"लई लांब पडते, मनकर्णा."

"पडू द्या," ती म्हणाली.