नऊ नंबरनं उचललेला फोन

तुम्हीच सांगा, धंद्यात विश्वास ठेवायचा तरी कोणावर? माणसावर, की पडद्यावर दिसणाऱ्या यादीवर?

साखळ्यांच्या दुकानातल्या धाकट्या शेठला हा प्रश्न भर दुपारी पडला. अवजड माल उचलायच्या साखळ्या विकायचं दुकान. थोरला भाऊ गेला आणि सगळं त्याच्या एकट्याच्या गळ्यात आलं. थोरल्यानं जन्मभर फोन सांभाळला. त्याचं "बोला, ऐकतोय" कानावर पडल्याशिवाय जुनी गिऱ्हाइकं ऑर्डर देत नसत.

धाकट्यानं जुनी तार काढून इंटरनेटवरचा फोन घेतला. सोय मोठी होती. बाहेर नंबर एकच. आत दुकान, गोदाम, मोबाइल मिळून आठ नंबर. एकानं नाही उचलला तर फोन आपोआप दुसऱ्याकडे. कोण कोणाशी किती वेळ बोललं, त्याची यादी तयार. बिल निम्म्यावर आलं, त्या आनंदात त्यानं सगळ्यांना चहा पाजला, तोही अर्धा कप.

महिन्याभरात क्रेनवाल्या मुकादमानं मोठी ऑर्डर रद्द केली. का, म्हणून विचारलं तर तोच चकित झाला.

"शेठ, तुमच्याच माणसानं सांगितलं की. हा माल नेऊ नका, कड्यांचे जोड कच्चे आहेत."

जोड कच्चे होते, खरंच होते. माल स्वस्तात मिळाला म्हणून धाकटा तो हळूहळू खपवत होता. पण हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं.

यादी उघडली. मुकादमाचा फोन नऊ नंबरनं उचलला होता. सात मिनिटं.

फोन बसवणाऱ्याला विचारलं, तर तो हसला. म्हणाला, तुमच्याकडे नऊ नंबर नाहीच. जो नाही तो उचलेल कसा?

दुपारी माणसं जेवायला गेली. दुकानात ग्रीसचा वास आणि पंख्याची घरघर. धाकट्यानं नऊ दाबला. पलीकडे कोणीतरी साखळी हातातून सोडत होतं... एकेक कडी चाचपत, सावकाश. थोरला तपासायचा तशी.

"दादा...?"

"ऐकतोय. किती जणांना दिलीस?"

"चौदा..."

फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी धाकट्यानं लाज गिळून चौदाही जणांना फोन केले. सगळे एकच म्हणाले, अहो, सकाळीच तुमचा फोन येऊन गेला, साखळी काढून ठेवलीय. त्याचा जीव भांड्यात पडला.

मग त्यानं यादी पाहिली. नऊ नंबरनं पंधरा जणांना फोन केले होते.

पंधरावा कोण? खूप वेळानं आठवलं. दुकान बंद करताना एकजण घाईघाईनं आला होता, बिल नको म्हणाला, साखळी खांद्यावर टाकून गेला. नाव नाही, गाव नाही. ती कशाला लावणार, हेही विचारलं नव्हतं.

धाकट्यानं तो नंबर लावला. घंटा वाजत राहिली. तो अजूनही लावतो. आणि यादीत दर तासाला एक नवी ओळ येते: नऊ नंबर, तोच फोन, उत्तर नाही.

तेव्हा मंडळी, माझी एक विनंती आहे. कोणाला काय दिलं, ते वहीत खरं खरं लिहून ठेवत जा.