थंड इंजिनावर

गाडीला ताप आला की माझ्याकडे आणतात, म्हणून ड्रायव्हर मंडळी मला डॉक्टर म्हणतात. चढाच्या पायथ्याशी माझं गॅरेज आहे. पत्र्याचं छप्पर, दोन गाड्या मावतील एवढी फरशी आणि मागे पाण्याची टाकी. नव्या गाड्या माझ्याकडे येत नाहीत, त्यांना संगणक लावून बघणारी माणसं वेगळी. माझ्याकडे येतात ते वीस-पंचवीस वर्षांचे, लांब नाकाचे डिझेल ट्रक. बाकीचं काम कुणीही करावं, पण गाडी का तापते हे डॉक्टरनेच सांगावं, असा या रस्त्यावर समज आहे. तो मीही कधी खोडून काढला नाही.

या गाड्यांत रेडिएटरच्या मागे मोठा पंखा असतो. इंजिन आणि पंखा यांच्यामध्ये फॅन क्लच असतो: बशीएवढी जाड चकती, आत दाट तेल, तोंडाशी घड्याळातल्या कमानीसारखी गुंडाळलेली पत्ती आणि मागे बोटभर दांडा. रेडिएटरमधून गरम हवा आली की पत्ती उलगडते, तेल फिरतं आणि क्लच पंख्याला पकडतो. मग पंखा असा गरजतो की केबिनमध्ये बोलणं ऐकू येत नाही. हवा निवली की क्लच सोडून देतो. आतलं तेल गळून गेलं तर मात्र तो पकडतच नाही आणि गाडी चढावर उकळते.

तपासायची रीत सोपी आहे. गाडी चांगली तापवायची, इंजिन बंद करायचं आणि पंखा हाताने फिरवून बघायचा. जड गेला तर क्लच चांगला, भिंगरीसारखा फिरला तर गेला. पण हे सगळं इंजिन गरम असताना. थंड असताना चांगला क्लचही सैलच लागतो. त्यावरून काहीच कळत नाही.

हे मला तीस वर्षं माहीत आहे, म्हणूनच पुढचं सांगायची लाज वाटते.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी दादा आला. माझा थोरला भाऊ. त्याचा स्वतःचा ट्रक होता आणि त्याच चढावरून तो रोज जायचा. घर जवळच असल्यामुळे गाडी अजून थंडच होती. चढावर पंखा पकडत नाहीये, जरा बघ, असं तो म्हणाला. फरशीवर दोन गाड्या उघडून पडल्या होत्या आणि त्यांचे मालक डोक्यावर बसले होते. गाडी तापवायची म्हणजे अर्धा तास गेला असता. मी बॉनेटमध्ये हात घातला, थंड पंखा एकदा फिरवला आणि म्हणालो, ठीक आहे.

"मग जाऊ ना, धाकट्या?" दादाने विचारलं.

मी म्हणालो, "जा."

माझे केस पिकले तरी तो मला धाकट्याच म्हणायचा. दुसरं कुणी कधी म्हटलं नाही. त्या दिवशी सातव्या वळणावर गाडी उकळली. तो खाली उतरला आणि घाईत त्याने रेडिएटरचं झाकण उघडलं. वाफ आणि उकळतं पाणी थेट छातीवर आणि तोंडावर आलं. चौथ्या दिवशी इस्पितळात तो गेला. गाडी ओढून माझ्याकडेच आणली, तेव्हा मी क्लच काढून पाहिला. आत तेलाचा थेंब नव्हता. मी नवीन बसवला आणि जुना गोणपाटात गुंडाळून बाकाखाली ढकलला. लोक म्हणाले, जुनी गाडी, नशीब. मी मान हलवली. वहिनींना खरं काय ते सांगायचं, असं मनाशी ठरवून मी त्यांच्या घरी किती वेळा गेलो आणि चहा पिऊन परत आलो, याला सुमार नाही.

ट्रक पुतण्याने चालवायला घेतला. सव्वीस वर्षांचा, बेताचं बोलणारा, हात चांगला. या उन्हाळ्यात एकदा तो गॅरेजला आला आणि म्हणाला, "काका, पंखा उगाच पकडतो."

तापमानाचा काटा अर्ध्याच्या खाली असतो, गाडी रिकामी असते, तरी पंखा पकडतो. आणि तोही एकाच ठिकाणी, सातव्या वळणावर. वळण संपलं की सोडतो. मी हसून त्याला म्हटलं की पंख्याला वळणं मोजता येत नाहीत. मग कामाला लागलो. रेडिएटरची जाळी धुतली. थर्मोस्टॅटची झडप काढून गरम पाण्याच्या पातेल्यात उघडते का ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी तो परत आला. तेच. क्लच नवा बसवला, मग तोही बदलून दुसऱ्या कंपनीचा आणला. तेच. माझी अक्कल चालेना तेव्हा मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो.

दुपारी अडीचचं ऊन होतं. गाडी रिकामी, काटा जागचा हलत नव्हता. सहा वळणं आम्ही गप्पा मारत गेलो. सातव्याला चाक वळलं आणि पंखा गरजला. पुतण्याने माझ्याकडे पाहिलं. मी गाडी बाजूला घ्यायला सांगितली. तो लगेच थांबेना. आई म्हणते इथे कधीच उतरायचं नाही, असं काहीसं तो पुटपुटला. मी म्हटलं, उतरू नकोस, इंजिन बंद कर आणि बसून राहा.

बॉनेट उघडलं. सवयीने रेडिएटरवर आधी उलटा हात टेकला. कोमट. अंगात कणकण असलेल्या माणसाचं कपाळ लागतं, तेवढंच. झाकणाला मी हात लावला नाही. मग रेडिएटर आणि पंख्याच्या मधल्या फटीतून बोटं घालून पत्तीला स्पर्श केला आणि हात झटक्यात मागे घेतला. पत्ती चुलीवरच्या तव्यासारखी तापली होती.

समोर रेडिएटर कोमट होता. मागे इंजिन नेहमीइतकंच गरम होतं. ही उष्णता यायला तिसरी जागाच नव्हती.

मी पंखा हाताने फिरवून पाहिला. जड. अगदी चांगल्या क्लचसारखा जड. मी तसाच धरून राहिलो. थोड्या वेळाने तो एकाएकी सैल झाला, पलीकडून धरलेलं कुणीतरी सोडून द्यावं तसा. माझ्या तर्जनीवर फोड आला होता. पुतण्याला फक्त म्हटलं, घरी चल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी बाकाखालचं गोणपाट काढलं. कशासाठी, हे विचारलं तर सांगता येणार नाही. सांगायचंच तर हातात पुरावा घेऊन सांगावं, म्हणजे मागे फिरता येणार नाही, एवढंच डोक्यात होतं. जुना क्लच थंडगार होता. मी तो स्कूटरवर पायांत ठेवला आणि वहिनींकडे गेलो. समोर ट्रक उभा होता आणि पुतण्या पलीकडच्या बाजूला टायर ठोकून बघत होता. त्याला तोंड दाखवायचा धीर नव्हता. मी बोळातून मागच्या दाराने आत शिरलो.

वहिनी ओट्यापाशी डबा भरत होत्या. मी क्लच दांडा वर करून फरशीवर ठेवला, त्याच्यासमोर मांडी घालून बसलो आणि सगळं सांगितलं. थंड इंजिन, सैल पंखा, मी जा म्हणालो ते. वहिनी रडल्या नाहीत की रागावल्या नाहीत. डब्याचं झाकण लावून त्या खाली बसल्या आणि चकतीवर उलटा हात टेकला.

"आता गरम आहे, भाऊजी," त्या म्हणाल्या. "आता बघा."

मी हात लावला. चकती खरंच पोळत होती.

दांडा कशालाच जोडलेला नव्हता. चकती फिरवली की दांडाही गरकन फिरायला हवा होता. मी बोटं टेकवून चकती फिरवली. ती फिरली, पण जड. चांगल्या क्लचसारखी जड.

दांडा जागचा हलला नाही.

बाहेर पुतण्याने गाडी चालू केली. रात्रभर आत साचलेल्या तेलामुळे सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर पंखा मिनिटभर गरजतो, ते नेहमीचंच आहे. मी मिनिट मोजलं. दुसरंही मोजलं. पंखा गरजतच होता.

मग त्या आवाजातून खिडकीशी पुतण्याचा आवाज आला.

"मग जाऊ ना, धाकट्या?"

वहिनींनी वर पाहिलं नाही.

"रोज निघताना विचारतो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी सांगते, धाकटा घरी नाहीये. मग जातो. आज तुम्ही आहात."

चकती बोटांना चटके देत होती, तरी मी हात काढला नाही.

"थांब," मी म्हणालो. "आधी गाडी तापू दे. गरम झाली की बघतो, मग जा."

पंख्याचं गरजणं एकदम थांबलं. नुसतं इंजिन चालू राहिलं. माझ्या हाताखाली चकती सैल झाली आणि दांड्यासकट गरकन फिरली.

खिडकीत पुतण्याचा चेहरा आला. डबा घ्यायला त्याने हात पुढे केला आणि मला पाहून तो तसाच थबकला.

"काका?" तो म्हणाला. "तुम्ही कधी आलात?"