पडदा नसलेले टेबल

रविवार, दिनांक २ फेब्रुवारी २०२५, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. सोलापुरातल्या सात रस्ता चौकालगतच्या त्या उपाहारगृहाच्या तळमजल्यावर चौदा टेबले होती आणि त्यांपैकी नऊ रिकामी होती. तरीही कीर्ती बनसोडे हिला वरच्या मजल्यावर जाण्यास सांगण्यात आले.

“म्याडम, फ्यामिली रूम वर हाय,” वेटर जिन्याकडे बोट दाखवत म्हणाला. “पडदे हायत, गारवा हाय.”

“मला रस्ता बघत खायचं आहे. पडदा बघत नाही.”

“एकट्या लेडीजला खाली देत न्हाय की. मालकाचा नियम हाय.”

“मग मालकांना म्हणावं, नियम इथं येऊन समजावून सांगा. तोवर एक उत्तप्पा आणा.”

कीर्ती मूळची करमाळ्याची. वीज उपकेंद्रात कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू होऊन तिला महिनाही झाला नव्हता. करमाळ्यात लहानपणी कोणी सोलापूरला जाऊन आले, की तेथे काय खाल्ले याचे वर्णन आठवडाभर चाले. ते सारे या शहरात स्वतः जाऊन, स्वतःच्या जिभेवर पडताळून पाहायचे, असे तिने ठरवले होते. आणि पहिल्याच ठिकाणी हा जिना!

“अहो, त्या माझ्यासोबत आहेत,” शेजारच्या टेबलावरून आवाज आला.

तिने वळून पाहिले. तिशीच्या आतला, चष्मा लावलेला, नीट इस्त्री केलेल्या शर्टातला एक तरुण आपण मोठेच काम केल्याच्या आनंदात हसत होता.

“मी तुमच्यासोबत नाही,” ती म्हणाली.

“ठाऊक आहे. पण तसं म्हटलं, की हा जातो.”

“तुमचं नाव सांगून बसण्यापेक्षा मी उभी राहून खाईन.”

आणि खरोखरच ती उभी राहिली. उत्तप्पा आला तेव्हा एका हातात ताटली धरून तिने दुसऱ्या हाताने पहिला तुकडा मोडला. तरुणाचे हसू मावळले. तो क्षणभर आपल्या इडलीकडे पाहत राहिला… मग स्वतःची ताटली उचलून तोही उभा राहिला.

“तुम्ही कशाला?”

“नियम एकट्या तुम्हालाच का?”

नऊ रिकाम्या टेबलांच्या मध्ये दोन माणसे उभ्याने खात आहेत, हे दृश्य रस्त्यावरूनही दिसत होते. दारातून आत येणारे एक कुटुंब बिचकून परत फिरले. शेवटी गल्ल्यावरून मालक ओरडले, “अरे, बसू दे त्यांना! दुकान बंद पाडता काय?”

“आता बसलं तर चालेल?” तरुणाने कीर्तीला नम्रपणे विचारले.

“बसा. मात्र आपापल्या टेबलावर.”

तो आपल्या टेबलावर बसला. फक्त खुर्ची अशी वळवून, की ती समोर दिसावी. थोड्या वेळाने म्हणाला, “दोन टेबलांच्या मधून चटणी मागता येते ना? की त्यालाही हरकत…?”

कीर्तीने वाटी पुढे सरकवली. हसू मात्र ओठांच्या आतच ठेवले.

त्याचे नाव महेश्वर. टिळक चौकाजवळ त्याच्या घरची शाकाहारी खानावळ होती. ती रविवारी बंद असे, आणि म्हणून रविवारी तो शहरभर दुसऱ्यांच्या हातचे खात फिरे.

“मग पुढच्या रविवारी मला पूर्व भागातली इडली दाखवा,” कीर्ती म्हणाली. “अट एकच. पडदा असलेल्या जागी मी बसणार नाही.”

“आणि माझ्याच टेबलावर…?”

“इडली कशी आहे, त्यावर ठरेल.”

इडली चांगली निघाली.

पूर्व भागात यंत्रमागांच्या खडखडाटातच ती खावी लागे. मालकीणबाई तेलुगूत काही विचारत, महेश्वर कन्नडमध्ये उत्तर देई, आणि दोघांचेही समाधान होई. तिखटजाळ डिस्को भजी खाताना कीर्तीच्या डोळ्यांत पाणी आले. तिने ते मान्य केले नाही. विजापूर वेशीत चहा पिताना चहावाले चाचा म्हणाले, “बैठो ना बेटी, जगा हौर बी हय,” आणि फळकुटाच्या बाकावर तिला रस्त्याकडेची जागा आपणहून मिळाली. होटगी रस्त्यावर तर एक हॉटेल असे होते, की तेथे खेळण्यातली आगगाडी टेबलापर्यंत जेवण घेऊन येई. त्यांच्या टेबलाच्या वळणावर ती रुळावरून घसरली आणि सांबाराची वाटी महेश्वरच्या मांडीवर आली. कीर्तीने डबा उचलून पाहिला, वाकलेले चाक केसातल्या पिनेने सरळ केले आणि गाडी चालू करून दिली.

“माझ्या पँटचं काय?” त्याने विचारले.

“ते माझ्या खात्याचं काम नाही.”

काळ्या मसाल्याच्या मटणासाठी प्रसिद्ध असलेल्या एका ठिकाणी तिने मनसोक्त रस्सा ओरपला. समोर बसून तो शेंगाचटणी, दही आणि कडक भाकरी खात होता.

“वासाचा त्रास होत नाही?” तिने विचारले.

“वासाचा नाही. तुम्ही खाताना बोलत नाही, त्याचा होतो.”

तिने त्याच्याकडे पाहिले… आणि उरलेले जेवण ती बोलत बोलत जेवली.

फेब्रुवारीच्या अखेरीस ते अक्कलकोट रस्त्यावरच्या एका शेतात हुरडा खायला गेले. हंगाम संपत आला होता. ज्वारीची शेवटची कोवळी कणसे शेणीच्या आगटीत भाजली जात होती. थंड वारा सुटला, की धूर एकदम अंगावर येई. महेश्वरने गरम कणीस तळहातांत चोळले, फुंकर मारून भूस उडवले आणि हिरवे दाणे तिच्या ओंजळीत ओतले. दाणे ओतून झाले… तरी त्याचे हात तेथेच राहिले. तिनेही ओंजळ मागे घेतली नाही.

“गार होतील,” तो म्हणाला.

“होऊ देत.” मग हळूच, “तुझे हात भाजलेत.”

‘तुझे’ म्हटल्याचे तिच्या उशिरा लक्षात आले. त्याच्या मात्र लगेच आले होते.

“आता सोलापुरात कुठलं राहिलं?” थोड्या वेळाने तिने विचारले.

“तसं सगळं झालंच…”

“टिळक चौकातली भुवनेश्वरी खानावळ राहिली.”

महेश्वरच्या हातातले कणीस थांबले. “आमच्याकडे विशेष काही नाही गं. भाकरी, पिठलं, झुणका…”

“विशेष तू आहेस. तेवढं पुरे.”

“ऐक ना. अप्पा आडनाव विचारतात. आणि आमच्याकडं आजोबांच्या, शिवप्पांच्या वेळचा नियम आहे. घरच्या माणसानं गिऱ्हाइकांच्या टेबलावर जेवायचं नाही. गिऱ्हाईक उठलं, की आम्ही आत, स्वयंपाकघरात. आई तर लग्न होऊन आल्यापासून पुढं बसलेली नाही. मी तुझ्यासमोर बसलो, तर ते नुसतं जेवण राहणार नाही. साऱ्या चौकाला कळेल.”

“कळावं म्हणूनच म्हणते.” कीर्तीने ओंजळीतले दाणे तोंडात टाकले, सावकाश चावले. “महेश्वर, बाकी शहरात तू माझ्यासमोर बसतोस. स्वतःच्या दारात बसणार नसशील, तर इतके दिवस मी पडद्यामागेच जेवत होते. शनिवारी मला सुट्टी आहे. दुपारी एक वाजता येते. तू गल्ल्याशेजारी उभा राहून माझं ताट बघत राहिलास, तर मी जेवीन आणि जाईन. मग पुन्हा येणार नाही.”

“धमकी आहे?”

“आमंत्रण आहे. जेवण तुझ्याकडेच असलं तरी.”

शनिवारी एक वाजता भुवनेश्वरी खानावळ ऐन भरात होती. आतून भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता. गल्ल्यावर कपाळाला विभूती लावलेले अप्पा, म्हणजे बसलिंगप्पा, बसले होते आणि शेजारी महेश्वर जेवणाची कुपने देत होता. रस्त्याकडेचे पहिले टेबल नुकतेच रिकामे झाले होते.

“या, या, बसा की ताई!” बसलिंगप्पांनी तोंडभर स्वागत केले. “तिप्पण्णा, पैलं टेबल पूस! कुटल्या गावच्या तुमी?”

“करमाळ्याची.”

“वा! बाजार आमटीचं गाव. कुणाच्या?”

“यशपाल बनसोडे यांची मुलगी.”

बसलिंगप्पांचे हसू चेहऱ्यावर राहिले, पण डोळ्यांतून गेले. “असं व्हय… तिप्पण्णा, ताईंना वर बसव. फ्यामिली रूममदी. हितं लई गर्दी हाय, वर हवा चांगली हाय.”

“टेबल तर आत्ताच पुसलं, काका. आणि आडनाव सांगायच्या आधी हवा इथंही चांगली होती.”

जवळच्या चार-पाच टेबलांवरच्या माना वळल्या. कीर्तीने पहिल्या टेबलाची खुर्ची ओढली आणि ती बसली. तिने महेश्वरकडे एकदाच पाहिले; त्या नजरेत विनवणी नव्हती.

महेश्वरने हातातली कुपने गल्ल्यावर ठेवली.

“कुटं निघालास?”

“जेवायला, अप्पा.”

“आत्ता? गिऱ्हाईक उठू दे की.”

“आज पुढं जेवणार आहे. हिच्यासमोर.”

“ही कोण तुजी?”

महेश्वर हा वाक्य अर्धवट सोडणारा माणूस. ‘तसं…’, ‘बघू…’, ‘म्हणजे…’ यांवाचून त्याचे बोलणे क्वचितच संपे. त्या दुपारी मात्र तो एकही टिंब न देता बोलला. “माझं हिच्यावर प्रेम आहे. हिनं होय म्हटलं, तर मी हिच्याशी लग्न करणार आहे. हिनं अजून होय म्हटलेलं नाही.”

“तू विचारलंस कधी?” कीर्ती टेबलावरून म्हणाली.

“आत्ता विचारतोय.”

“आधी बस. जेवता जेवता सांगते.”

कोपऱ्यातल्या टेबलावर कोणीतरी खुदकन हसले. बसलिंगप्पा ताडकन उभे राहिले. “माज्या जित्तेपणी ह्या दुकानात शिवप्पांचा नियम मोडायचा न्हाय! आणि तुमी, ताई, मुकाट्यानं वर जावा.”

“नाही जाणार,” कीर्ती म्हणाली. आवाज तिने चढवला नाही. “पाणी मिळेल?”

आतला भाकऱ्यांचा आवाज बंद झाला होता. स्वयंपाकघराच्या दारात महेश्वरची आई, चंद्रव्वा, येऊन उभ्या होत्या. दोन्ही हात पिठाने माखलेले. सारे त्यांनी ऐकलेच होते.

“अवो, रोज सकाळी फोटोतल्या बसवण्णांना हार घालताय की,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “त्यांनी कुणाला आडनाव इचारलं व्हतं?”

“तू आत जा. तुला काय कळतंय?”

“लई कळतंय. पंचवीस-तीस वर्सं आतच हाय मी.” त्या तशाच पुढे आल्या. खुर्चीमागे घुटमळणाऱ्या मुलाच्या खांद्यावर त्यांनी पिठाचा हात ठेवला. “कुंद्रु,” त्या कन्नडमध्ये म्हणाल्या, तसा तो बसला. मग तिसरी खुर्ची ओढून त्या स्वतःही बसल्या. प्रथम जरा कडेला, मग ऐसपैस. “तिप्पण्णा, मलाबी वाढ.”

“तू हितं? मग भाकऱ्या कोण थापणार?”

“तुमी. सासूबाईंनी शिकवल्यात तुमाला. मी लगीन होऊन आले तवा त्यांनीच सांगितलं व्हतं… पोरगं भाकरी करतंय, पर लाजतंय.”

आता हसू कोपऱ्यापुरते राहिले नाही. मागच्या टेबलावरचे एक वकील ताटातली आमटी ढवळत म्हणाले, “मालक, ते भांडण चालू द्या, पण आमची भाकरी?”

बसलिंगप्पांनी साऱ्या खानावळीवरून नजर फिरवली. एकही माणूस उठून गेला नव्हता. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या.

“गिऱ्हाईक उपाशी ठेवायचं न्हाय म्हणून जातोय,” ते गरजले. “बाकी ह्यातलं मला काय बी मान्य न्हाय!”

“बरं,” चंद्रव्वा म्हणाल्या. “तवा तापलेलाच हाय.”

पहिली भाकरी तिप्पण्णाने आणली तेव्हा ती एका अंगाला जाड आणि दुसऱ्या अंगाला फाटलेली होती. त्याने ती कीर्तीच्या ताटात वाढली आणि तो तेथेच रेंगाळला. कीर्तीने तुकडा मोडला, चावला आणि स्वयंपाकघराच्या दिशेने स्पष्ट आवाजात सांगितले, “कडेला कच्ची राहिली, काका.”

महेश्वरने डोळे मिटून घेतले. आत तवा जोरात आपटल्याचा आवाज झाला. मग बराच वेळ, पिठावर हात पडत असल्याचा, एका लयीतला आवाज येत राहिला.

दुसरी भाकरी आली. फुगलेली, गोल, वाफ धरून ठेवलेली.

“आता?” आतून दरडावून विचारणा झाली.

“आता झकास!”

उत्तरादाखल पुढची भाकरी आली.

“माझ्या प्रश्नाचं…” महेश्वर हलकेच म्हणाला.

कीर्तीने वाफाळत्या भाकरीचा अर्धा भाग त्याच्या ताटात ठेवला. “होय,” ती म्हणाली. “पण जेवायला आपण पुढंच बसायचं. रोज.”

“रोज.”

चंद्रव्वा काही ऐकले नाही अशा चेहऱ्याने रस्त्याकडे पाहत होत्या. समोरून रिक्षा जात होत्या, भाजीवाला ओरडत होता, शेजारचा दुकानदार आत डोकावून डोळे विस्फारत होता. “हितनं लई छान दिसतंय की गं,” त्या पुटपुटल्या आणि त्यांनी आणखी एक भाकरी मागितली.

बसलिंगप्पा शेवटपर्यंत बाहेर आले नाहीत. वर, फॅमिली रूममध्ये, त्या दुपारी कोणी गेले नाही. पहिल्या टेबलावर जेवलेली घरची माणसे : तीन.