झुंबरच्या लुगड्यांची गोधडी

वॉशिंग मशीन घरात आली तेव्हाच मी माझ्या पोराला, संपतला म्हटलं, "बायकोचे हात गळाले का रं?" पण सून बाळंतीण, पोरगं सातव्या महिन्यात झालेलं, दुपट्यांचा ढीग रोज वाढता. मग चालवून घेतलं. आळे गावात आमच्या गल्लीतली पहिली मशीन आमचीच, हे मात्र चौघींना ऐकवलं.

नातू ऋषी, केवढासा जीव. डॉक्टर म्हणाला, झोपला तर अंग धरेल, नाहीतर अवघड आहे. आणि पोरगं झोपेना. माझ्या मांडीवर नाही, आईच्या कुशीत नाही. रडून रडून ओठ निळे पडायचे.

अशात मशीन वाजायला लागली. कपडे पिळायच्या खणातून धप, धप. जरा थांबून पुन्हा धप. मांडणीवरच्या ताटल्या हलायच्या. आणि त्या आवाजात ऋषी गाढ झोपायचा.

"आई, ऱ्हाऊ द्या तो आवाज," सून हर्षाली म्हणाली. "त्याला झोप लागती."

"पोर मशीनच्या भरवशावर वाढवायचं? या घरात माणसं मेली का समदी?"

बोलून गेले आणि जीभ चावली. झुंबरला जाऊन वर्ष झालं नव्हतं.

झुंबर माझी धाकटी जाऊ. तिची कूस उजवली नाही, पण माझी चारही पोरं तिनंच निजवली. "जरा घे गं," असं मी तिला कधी म्हटलं नाही. मोठ्या जावेनं कशाला म्हणावं? तीच येऊन उचलायची. संपतच्या पोरालाही मीच निजवणार, म्हणायची. ऋषी व्हायच्या आधीच गेली. मग तिच्या लुगड्यांची गोधडी ऋषीला शिवली. आमच्यात तशी रीत आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी फाट्यावरून गोरख मिस्त्री आला.

"मावशी, मशीन नाचती म्हंजे खूश हाय तुमच्यावर."

"नाच बघायला न्हाई बोलावलं तुला. पाना काढ."

त्यानं मशीनचे पाय सारखे केले, आतली स्प्रिंग बदलली. रिकामी फिरवली, आवाज नाही. संपतच्या पँटी टाकल्या, आवाज नाही. मग हर्षालीनं ऋषीची धुतलेली गोधडी आणून दिली.

धप, धप. थांबून धप.

"वजन एका अंगाला येतंय," गोरख म्हणाला. गोधडी काढली, नीट घडी करून ठेवली. तेच. मी माझी जाडजूड गोधडी भिजवून आणली. तिच्यावर मशीन मांजरागत नुसती गुरगुरली. पुन्हा ऋषीची टाकली.

धप, धप.

तेवढ्यात लाईट गेली. लोडशेडिंगची वेळच होती. पंखा थांबला, मशीन थांबली.

आवाज थांबला नाही.

गोरखनं झाकण उचललं. आतला डबा जागच्या जागी होता, गोधडी तळाशी. धप, धप. त्यानं भिंतीतला प्लग उपसला. थांबून धप.

तेव्हा मला ओळखू आलं. झुंबर दोनदा थोपटायची. मग हात थांबवून पोर निजलं का बघायची. मग तिसरी थाप, सावकाश.

गोरखनं गोधडी बाहेर ओढली. आवाज बंद झाला.

"मशीन चांगली हाय, मावशी," तो गोधडीकडं न बघता म्हणाला. चहालाही थांबला नाही.

आत ऋषी जागा झाला.

हर्षालीनं पाजायला घेतलं, तोंड लावेना. मी खांद्यावर घेतलं, येरझाऱ्या घातल्या. ओठ निळे व्हायला लागले.

"आई, पुन्यांदा लावा ना मशीन."

"लाईट कुठंय?"

ती भिंतीशी बसून रडायला लागली. मी पोर तिच्या मांडीवर दिलं, पिळून निघालेली गोधडी गच्चीवरच्या कडक उन्हात धरली, दमटपणा गेला तशी खाली आणली. पोराला आडवं केलं, वर गोधडी घातली आणि शेजारी बसले. सुनेसमोर बोलायची लाज वाटली. तरी बोलले.

"झुंबर, जरा घे गं."

काही झालं नाही.

मग ऋषीच्या छातीवरची गोधडी जरा दबली. वर आली. पुन्हा दबली.

मग थांबली.

मग सावकाश, तिसऱ्यांदा.

ऋषीचा हुंदका बारीक होत गेला. मुठी सुटल्या. ओठांवर रंग आला. हर्षालीनं पदर तोंडात धरला होता. ती तशीच उठून दार लोटून बाहेर गेली.

पोरगं झोपलं. किती दिवसांनी, मशीनशिवाय. मला रडू फुटलं. बाईनं एकटीनं रडावं तसं, आवाज न करता.

तेव्हा माझ्या पाठीवर दोनदा थोपटलं कुणी. हात जरा थांबला.

मी भिंतीला पाठ टेकून बसले होते.